आधी मनाला आधार की आधी वनहक्काचा दावा?

प्रश्न असा आला आहे. ठाण्याजवळच्या एका कातकरी वाडीतली पंचवीसेक कुटुंबं १९९९-२००० च्या सुमारास जंगलातल्या जुन्या जागेवरून उठवली गेली. पर्यायी जमीन मिळाली नाही, कागदही नाही. आज ती एका खासगी जमिनीच्या कडेला झोपड्या घालून राहतात. पुरुषांत दारू वाढली आहे, बाया बोलेनाशा झाल्या आहेत, पोरं चौथीच्या पुढं शाळेत टिकत नाहीत. ठाणे-ऐरोलीकडचे काही तरुण शनिवार-रविवारी तिथं जातात. त्यांनी विचारलं आहे की सुरुवात समुपदेशनापासून करावी की जमिनीच्या दाव्यापासून, आणि दावा करायचाच तर नेमका कसा.

दोन्ही एकत्रच सुरू करा, आणि शक्य तितकं एकाच कामातून करा. जुना पाडा कुठं होता, कोणाचं घर कुठं, पाणी कुठलं, देव कुठं, माणसं कुठं पुरली, हे वाडीनं एकत्र बसून आठवणं हा वनहक्क कायद्यात (जंगलात राहणाऱ्यांचे जमिनीवरचे आणि वनोपजावरचे हक्क मान्य करणारा कायदा) चालणारा पुरावा आहे. तुटलेली वाडी पुन्हा एकमेकांशी बोलायला लागते तीही याच कामातून. मात्र क्रम चुकला तर तेच काम जखम उकरून काढतं. दर आठवड्याला नवा पाहुणा, नवी वही आणि ‘तुम्हाला कसं उठवलं ते सांगा’ असं झालं की म्हातारी माणसं आतून मिटत जातात. म्हणून उठवल्याच्या दिवसाची हकीकत सगळ्यात शेवटी, एकदाच, आणि ज्याला सांगायची आहे त्याच्याकडूनच घ्या. आधी विचारा ते तिथं राहायचे कसे. माणूस मोहाच्या झाडाबद्दल तासभर बोलतो, बुलडोझरबद्दल दोन वाक्यांत थांबतो. त्याला त्या दोन वाक्यांवरच थांबू द्या.

पहिले दोन महिने

पहिल्या चार-पाच भेटींत फॉर्म नको, कॅमेरा नको, कपड्यांची गाठोडी तर मुळीच नकोत. वाटप सुरू झालं की वाडी तुमच्यापुढं मागणारी होते आणि हक्काचं बोलणं मागं पडतं. बसायची जागा वाडीला ठरवू द्या. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ बरी, कारण दिवसा सगळी मजुरीवर असतात. बायांची बैठक वेगळी घ्या. पुरुषांसमोर त्या जमिनीबद्दल बोलतात, घरातल्या मारहाणीबद्दल बोलत नाहीत. आणखी एक: पाड्यावरची माणसं लहानथोर सगळ्यांना ‘तू’ म्हणतात. ते त्यांच्या बोलीत गोड वाटतं. शहरातल्या पोरानं आज्याला ‘काय रे’ म्हटलं की त्यांना फॉरेस्टचा गार्ड किंवा भट्टीचा मुकादम आठवतो. तुम्ही आजी, बाबा, ताई, दादा म्हणूनच बोला.

संकटातून गेलेल्या माणसाला पहिला मानसिक आधार देण्याची पद्धत तीन शब्दांत मावते: पाहा, ऐका, जोडा. कोण जेवत नाही, कोण झोपत नाही, कोणतं मूल एकटं बसतं ते पाहायचं. न विचारता जे सांगितलं जाईल ते ऐकायचं. आणि रेशन, दाखला, दवाखाना, नातेवाईक, ज्याची नड असेल त्याच्याशी जोडून द्यायचं. सगळ्यांना गोल बसवून एकाच बैठकीत सगळं दुःख बाहेर काढायला लावणं अपायकारक ठरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनाही आघातानंतरच्या अशा एका बैठकीच्या ‘डीब्रीफिंग’ची शिफारस करत नाही.

याच काळात जातीचे दाखले हाती घ्या. शासनाच्या यादीत ही जमात ‘काथोडी, कातकरी’ अशी नोंदली आहे. महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंडांसोबत कातकरी ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ मानले जातात, आणि त्याचा दाव्यात उपयोग होतो. अडचण १९५० पूर्वीच्या कागदाची येते, तो कुणाकडेच नसतो. अशा वेळी प्रांताकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं, गृहचौकशीचा (घरी येऊन चौकशी करण्याचा) अर्ज करायचा आणि एखाद्या नातेवाइकाचा आधी मिळालेला दाखला वंशावळीसह जोडायचा. वाडीत एकाला जरी दाखला मिळाला असला तरी बाकी अर्ज त्याच्या आधारानं पुढं सरकतात. दाखला नसेल तर दावेदाराला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, आणि दावा तिथंच बुडतो.

वेळापत्रक कॅलेंडरवरून नको, वाडीवरून आखा. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, कोळसा पाडायला जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाडी भरलेली असते ती जून ते ऑक्टोबर. लावणी उरकल्यावर, गणपती ते दसरा हा काळ ग्रामसभेसाठी सगळ्यात चांगला. डिसेंबरात ग्रामसभा ठेवली तर गणसंख्या भरत नाही आणि ठराव पुढं टिकत नाही. भट्टीवर जाताना कुणी किती उचल घेतली तेही वहीत लिहून ठेवा. उचल फिटत नाही म्हणून मालक माणसाला जाऊ देत नसेल तर ते १९७६ च्या कायद्याप्रमाणं वेठबिगारीचं प्रकरण आहे. त्याची तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडं होते आणि मुक्ती प्रमाणपत्र तिथूनच मिळतं.

कुठल्या कलमात बसतं

वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, आणि त्यात २०१२ मध्ये महत्त्वाची दुरुस्ती झाली. बहुतेकांना एवढंच माहीत असतं की १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली, जास्तीत जास्त ४ हेक्टर जमीन मिळते. उठवलेल्या वाडीला लगेच उत्तर मिळतं, ‘तुमचा ताबाच नाही.’ याच उत्तरापुढं बरेच कार्यकर्ते गप्प बसतात. पण कलम ३(१)(एम) ज्यांचा ताबा बेकायदा काढून घेतला त्यांच्यासाठीच आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी पुनर्वसनाचा कायदेशीर हक्क न देता वनजमिनीवरून हटवलेल्यांना त्याच ठिकाणी पुनर्वसन आणि पर्यायी जमीन, असा तो हक्क आहे. कलम ४(८) त्याला जोडून येतं: सरकारी विकासकामासाठी मोबदल्याविना हटवलं असेल आणि ती जमीन संपादनानंतर पाच वर्षांत त्या कामाला वापरली गेली नसेल, तर तिच्यावरही हक्क सांगता येतो. वैयक्तिक दाव्याच्या नमुना ‘अ’ मध्ये या दोन्हींचे वेगळे रकाने आहेत. ते बऱ्याच अर्जांत कोरेच राहतात. दावेदार फक्त ‘राहण्यासाठी’ आणि ‘कसण्यासाठी’ हे रकाने भरतो, ताब्याची तपासणी होते, ताबा सापडत नाही आणि दावा फेटाळला जातो. विस्थापितांनी ते रकाने भरायचेच, आणि सोबतच्या अर्जात ‘कलम ३(१)(एम) प्रमाणे दावा’ असं पहिल्याच ओळीत लिहायचं.

नमुना ‘अ’ सोबत नमुना ‘ब’ (सामूहिक हक्क) आणि शक्य असेल तर नमुना ‘क’ (सामूहिक वनसंसाधन, म्हणजे गावाचं परंपरेनं वापरातलं जंगल राखण्याचा हक्क) द्या. घराची जागा परत मिळायला वर्षं लागतील. तोवर मोहफुलं वेचायचा, मासे धरायचा, जुन्या देवापाशी वर्षातून एकदा जाऊन नारळ ठेवायचा हक्क सामूहिक दाव्यातून मागता येतो. आदिम जमातींना (विशेष असुरक्षित गटांसाठी कायद्यातला शब्द) कलम ३(१)(ई) मध्ये पर्यावास हक्कही आहे, म्हणजे त्यांच्या वावराच्या सगळ्या मुलखावरचा. कातकऱ्यांसाठी तो फार मोलाचा, कारण त्यांचं जगणं एका गट नंबरात कधी मावलंच नाही.

सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून वाडीचा बारा महिन्यांचा तक्ता करा: पहिल्या पावसात शेवळं, मग कुरडू, टाकळा, कंटोली, भादव्यात खेकडे, चैत्रात मोहफुलं, उन्हाळ्यात मध आणि करवंदं. प्रत्येक नोंदीपुढं जागेचं नाव आणि कोण वेचतं ते लिहा. ठाणे स्टेशनबाहेर टोपलीत शेवळं घेऊन बसणारी बाई ती कुठल्या माळावरून आणते, हे तिनं सांगितलं आणि ग्रामसभेनं निवडलेल्या वनहक्क समितीनं लिहून घेतलं की तो पुरावा होतो. नियम १३ मध्ये कंदमुळं, चारा, रानफळं गोळा करण्याच्या जागा, मासेमारीच्या जागा, पाणवठे, देवाची झाडं, देवराई, स्मशान ही सगळी सामूहिक हक्काच्या पुराव्यात धरली आहेत.

जुन्या जागेवरचा एक दिवस

याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मन आणि दावा दोन्ही इथं जुळतात.

जायच्या आधी वाडीत दोन संध्याकाळी जमिनीवर नकाशा काढा. कागद नको, रांगोळी, राख, खडे आणि काटक्या घ्या. ओढा आधी काढायचा, मग वाट, मग घरं. कोणाचं घर आधी यावं यावरून वाद होतो, तो होऊ द्या. वाद घालताना जी माहिती बाहेर पडते ती मुलाखतीत कधी मिळत नाही. नकाशा पुरा झाला की वरून फोटो घ्या आणि मग कागदावर उतरवा. पोरांना या कामाला जरूर बसवा. आज्यानं आपलं घर दाखवल्यावर नातू तिथं खडा ठेवतो, त्या एका खड्यानं पोराला कळतं की आपण कुठून आलो.

जागेवर जायला सकाळची वेळ, आठ-दहा माणसं, त्यात किमान तीन म्हाताऱ्या बाया. वनहक्क समितीचे दोन सदस्य हवेतच. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याची हद्द असेल तर आधी वनक्षेत्रपालाकडं लेखी अर्ज देऊन पोच घ्या. परवानगी नाकारली तर तेही लेखी मागा. न कळवता गेलात तर उद्या वाडीवरच गुन्हा दाखल होतो.

पोचल्यावर आधी वाडीचा विधी. कुठं नारळ, कुठं तांदळाचे दाणे, कुठं शेंदूर. जे त्यांचं असेल ते, त्यांच्या भगताच्या (देवाचं करणाऱ्या जाणत्याच्या) हातून. घाई करू नका. हटवलेल्या वाड्यांत पुष्कळदा एकच खंत ऐकू येते: देव मागं राहिला, म्हणून पोरं आजारी पडतात. तो देव भेटला की निम्मं काम झालेलं असतं. काही जण रडतील. त्यांच्या शेजारी बसा, पाणी द्या, ‘रडू नका’ म्हणू नका.

मग शोध सुरू करा. झोपडी कुडाची आणि पेंढ्याची, ती पंचवीस वर्षांत मातीत मिळाली. राहतं ते जोतं: चार-सहा इंच उंचीचा दगडांचा चौकोन, साधारण दहा बाय पंधरा फुटांचा, त्यावर आता कारवी किंवा घाणेरी. हातानं पाला बाजूला सारला की सरळ रेषेत लावलेले दगड दिसतात. जंगलात दगड सरळ रेषेत पडत नाहीत. चुलीच्या जागी माती लाल-काळी भाजलेली असते. पाट्याचा तुकडा, उखळाचा खोल खड्डा असलेला दगड, फुटक्या मडक्याची खापरं सापडतात. लावलेलं आंब्याचं किंवा फणसाचं झाड दारापासून ठरावीक अंतरावर असतं, आणि लावणाऱ्याचं नाव बायांच्या तोंडी असतं. शेताचे बांध, उतारावर सपाट केलेला तुकडा, राब भाजायची जागा, मसणवट, झऱ्याला बांधलेला दगडी काठ, यांतलं एकही सोडू नका. काहीही उचलून आणू नका. वस्तू जागेवर असली तरच पुरावा, पिशवीत आली की मोडका दगड.

प्रत्येक खुणेचे तीन फोटो: जवळून, पाच पावलांवरून, आणि मागची टेकडी किंवा ओढा दिसेल असा दुरून. फोटोत दावेदार स्वतः उभा हवा, आणि मापासाठी फुटपट्टी किंवा काठी. जीपीएस आकडा दशांश अंशांत, पाच घरांपर्यंत लिहा. पाचवं घर म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. वहीत खुणेचं नाव, दाखवणाऱ्याचं नाव आणि वेळ. संध्याकाळी परतल्यावर त्याच माणसांपुढं सगळं वाचून दाखवा, दुरुस्त करा आणि अंगठे किंवा सह्या घ्या.

या दिवसानंतर दोन-तीन दिवस वाडीत कुणीतरी असायला हवं. त्या रात्री झोप लागत नाही, काही जण जास्त पितात. हा जायचा दिवस रविवार धरून तुम्ही सोमवारी नोकरीवर गेलात तर ते बरोबर नाही.

पुरावे कुठून काढायचे

एका पुराव्यावर दावा ठेवू नका. नियम १३ एकाहून अधिक पुरावे पाहायला सांगतो. दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब हा एक, जागेवरच्या खुणा हा दुसरा. तिसरा कागदाचा मिळाला तर दावा भक्कम होतो. कागद शोधायच्या जागा अशा: तलाठ्याकडं गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, जुन्या मतदारयाद्या, जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर, ज्यात जन्मस्थानाचा रकाना असतो, खावटी कर्जाच्या पावत्या, रोजगार हमीची हजेरीपत्रकं, २७ डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयानंतर झालेल्या अतिक्रमणांच्या याद्या, एकसाली प्लॉटचे किंवा दळीचे (वनजमीन कसायला दिल्याचे जुने) आदेश. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या आणि गुन्ह्याचे अहवाल लोक लाजेनं लपवतात. ते आधी मागून घ्या. ‘अमुक साली अमुक कक्षात अतिक्रमण केलं’ असं वनखात्यानंच लिहून दिलेलं असतं, याहून चांगला ताबा कोण सिद्ध करणार?

जे मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणं एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. ‘सर्व कागदपत्रं द्या’ असा मोघम अर्ज परत येतो. ‘अमुक परिक्षेत्रातील कक्ष क्रमांक अमुकची १९९५ ते २००५ ची गुन्हा नोंदवही’ असं मागा.

‘सॅटेलाइटमध्ये शेती दिसत नाही’ हे दावा फेटाळायचं नेहमीचं कारण. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरई दोन-तीन वर्षं करून जमीन पडीक टाकतात. त्या वर्षीच्या चित्रात गवत दिसतं, आणि कातकऱ्याचा दहा-वीस गुंठ्यांचा तुकडा झाडांच्या सावलीत दिसतच नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं नियम स्पष्ट आहे: उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक, त्याच्या जागी नाही. हे वाक्य दाव्यासोबतच्या अर्जात आधीच लिहून ठेवा.

मोजणीतही तोटा होतो. वीस गुंठे म्हणजे सुमारे २०२३ चौरस मीटर, म्हणजे ४५ मीटर बाजूचा चौकोन. मोबाइलच्या जीपीएसमध्ये पाच मीटरची चूक सहज होते, झाडीत त्याहून जास्त. चारही बाजू पाच-पाच मीटर आत आल्या तर बाजू ३५ मीटरची आणि क्षेत्र १२२५ चौरस मीटर, म्हणजे जवळपास चाळीस टक्के जमीन कागदावरून गेली. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर दोन मिनिटं थांबून मग आकडा घ्या, बांध दोनदा चाला, आणि तीस मीटरच्या टेपनंही मोजा. हाती काढलेल्या नकाशावर चतुःसीमा लिहा: पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमक्याचा बांध. आकडे चुकले तरी चतुःसीमा टिकते.

ग्रामसभा, पडताळणी, अपील

वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि दाव्यांवर ठराव होताना निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी. हजेरीवर सह्या-अंगठ्यांसोबत एकूण मतदारसंख्या लिहा, नाहीतर गणसंख्या कशावरून हा आक्षेप येतो. दावा समितीकडं दिला की पोच घ्यायची. दावा पती-पत्नी दोघांच्या नावानं. विधवा, परित्यक्ता बायांचे दावे स्वतंत्र भरा. त्या यादीतून सगळ्यात आधी गळतात.

मूळ गाव दुसऱ्या ग्रामपंचायतीत असेल तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांना एकाच वेळी लेखी कळवा आणि संयुक्त बैठक मागा. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड-भिवंडीचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथं पेसाखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं, आणि मग मोठ्या गावाच्या ग्रामसभेत कातकऱ्यांचा आवाज दबण्याचा प्रश्न उरत नाही. ठाण्यातल्या येऊरसारखे महापालिका हद्दीतले पाडे असतील तर ग्रामसभा कुठली, हा पेच पडतो. कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत राखीव वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान सगळं येतं; हद्द महापालिकेची आहे म्हणून हक्क संपत नाही. पाड्याची सभा रीतसर घेऊन, इतिवृत्त लिहून, कोणत्या सभेपुढं दावे ठेवायचे हे प्रांतांकडून लेखी मागा.

पडताळणीची तारीख वन आणि महसूल खात्याला लेखी कळवा, आवक शिक्क्यासह. नियम १२-अ प्रमाणं त्यांनी हजर राहून शेऱ्यासह सही करायची असते. ते आले नाहीत आणि नंतर ‘आम्ही नव्हतो’ म्हणून हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीला परत येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत तर पडताळणीवरचा ग्रामसभेचा निर्णय अंतिम. आवक शिक्का नसेल तर या नियमाचा काही उपयोग नाही.

दावा फेटाळला तर निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवावा लागतो, कारणांसह. त्या दिवसापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडं जायचं. ग्रामसभेविरुद्ध उपविभागीय समिती, तिच्याविरुद्ध जिल्हास्तरीय समिती. पत्र कुणाच्या हाती कोणत्या दिवशी पडलं ते पाकिटावरच लिहा. कुटुंब भट्टीवर असताना पत्र येतं आणि मुदत जाते, हे दर वर्षी घडतं. ‘पुरावा अपुरा’ एवढ्या दोन शब्दांवर फेटाळलं असेल तर अपिलात मागणी करा की कोणता पुरावा तपासला आणि तो का नाकारला ते लिहून द्या, कारण ठरावीक कागदाचा आग्रह धरायला नियमानंच मनाई केली आहे. अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांच्या १८ मे २०२० च्या अधिसूचनेनं जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडं अपील करता येतं. आपल्याकडं ते बेलापूरच्या कोकण भवनात. त्या क्षेत्राबाहेर उच्च न्यायालय. आदिवासींना वकील मोफत मिळतो, ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

दावा चालू असताना आज जिथं राहतात तिथूनही हटवायला कुणी आलं तर आधी जमीन कोणाची ते पाहा. वनजमीन असेल तर कलम ४(५): पडताळणी पुरी होईपर्यंत हटवता येत नाही. ते पत्र जिल्हाधिकारी, प्रांत आणि उपवनसंरक्षक यांच्या नावे आधीच तयार ठेवा, तारीख तेवढी घालायची. खासगी जमीन असेल तर हे कलम लागत नाही, आणि लोकांना तसं स्पष्ट सांगा. तिथं गावठाण विस्तार आणि घरकुल योजनांसाठीच्या जागेची मागणी वेगळी चालवावी लागते. पीएम-जनमन या विशेष असुरक्षित गटांसाठीच्या केंद्रीय योजनेत कातकरी येतात. आदिवासीला त्याच्या जमिनीवरून किंवा वनहक्काच्या उपभोगातून बेकायदा हुसकावणं, पीक नासवणं हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(जी) खाली गुन्हा आहे.

दारू, आणि दवाखान्यात कधी न्यायचं

दारूबंदीची शपथ देऊ नका. रोज, सकाळपासून पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली तर सहा ते चोवीस तासांत हातकंप, घाम आणि घाबरेपणा येतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची, त्यात थायमिनही (बी-१ जीवनसत्त्व) लागतं. वाडीला मात्र तो झपाटलेला वाटतो आणि भगताकडं नेतात. भगताशी आधीच बोलून ठेवा. त्याला खोटं पाडायचं नाही. एवढंच ठरवायचं की फिट, भ्रम, किंवा ‘मला जगायचं नाही’ ही भाषा दिसली की तो स्वतः म्हणेल, आधी दवाखाना, मग माझं. चांगला भगत हे ऐकतो.

शोक हा आजार नव्हे, त्याला गोळी लागत नाही. पण दोन आठवडे रोज खाणं-झोप गेली, कामाला उठवत नाही, आपण ओझं आहोत असं माणूस बोलू लागला, तर तपासणी हवीच. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पुढचा उपचार जिल्हा रुग्णालयात किंवा ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. सोबत वाडीचं ओळखीचं माणूस पाठवा, बाईसोबत बाई. पहिल्या भेटीनंतर औषध थांबतं ते बहुधा गाडीभाड्यापायी, तेवढी तजवीज आधी करा. शेतीचं औषध झोपडीत उघड्यावर असेल तर कुलपात ठेवायला लावा. रागाच्या भरातले जीव यामुळं वाचतात.

शेवटी कागद. मूळ कागद संस्थेच्या कार्यालयात नेऊ नका. कार्यकर्ता बदलतो, कपाट बदलतं, कागद जातात. वाडीत एक पत्र्याची पेटी, दोन किल्ल्या, त्यांतली एक बाईकडं. प्रत्येक कुटुंबाची वेगळी प्लॅस्टिकची फाइल: दाखला, दावा, पोच, जबाब, नकाशा, आलेलं प्रत्येक पत्र पाकिटासकट. झेरॉक्सचे तीन संच: एक कुटुंबाकडं, एक समितीकडं, एक तुमच्याकडं. पावसाआधी पेटी जमिनीपासून दोन फूट उंच ठेवा, आणि भट्टीवर निघायच्या आधी प्रत्येक कुटुंबाकडून लिहून घ्या की पत्र आलं तर ते कोणी घ्यायचं आणि कोणत्या भट्टीवर फोन करायचा.